डोळे पुसून झाल्यावर

१८५७ साली अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात सॅम्युएल ग्रीन नावाच्या माणसाला दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. ग्रीन जन्मानं गुलाम. पण स्वतःची किंमत चुकती करून सुटलेला, चर्चमध्ये प्रवचनं करणारा, लिहितावाचता येणारा गृहस्थ. पळून जाणाऱ्या गुलामांना तो वाट दाखवतो असा संशय होता, म्हणून घराची झडती झाली. कॅनडाचा नकाशा सापडला, रेल्वेची वेळापत्रकं सापडली, पळून गेलेल्या मुलाचं पत्र सापडलं. एवढ्या ऐवजावरूनही त्यानं गुलाम पळवले हे काही कोर्टात शाबीत होईना. शाबीत झालं ते इतकंच, की त्याच्या घरात हॅरिएट बीचर स्टो यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी होती. काळ्या माणसांत असंतोष पसरवील असं छापील काही जवळ बाळगणं हा त्या राज्यात गुन्हा होता आणि त्याला कमीत कमी शिक्षाच दहा वर्षांची होती. ग्रीन पाच वर्षं आत राहिला. १८६२ मध्ये सुटला, तोही राज्य सोडून जायच्या अटीवर.

एका गोष्टीच्या पुस्तकाला सरकारनं इतकं भ्यावं, असं त्यात होतं तरी काय? प्रस्तुत पुस्तक हाच प्रश्न घेऊन बसलं आहे. त्यात स्टोबाई आहेत, तशा त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या लेखक-लेखिकाही आहेत. १८३६ मध्ये नाव न घालता गुलामाच्या तोंडून कादंबरी लिहिणारे रिचर्ड हिल्ड्रेथ. १८४५ मध्ये स्वतःचं आत्मचरित्र छापून पकडलं जाण्याचा धोका ओढवून घेणारे फ्रेडरिक डग्लस. १८५३ मध्ये लंडनला ‘क्लोटेल’ प्रसिद्ध करणारे, स्वतः गुलामीतून निसटलेले विल्यम वेल्स ब्राऊन. आणि हॅरिएट जेकब्स, ज्यांच्याविषयी पुढं सविस्तर लिहिणार आहे. मराठी वाचकाला यातली डग्लस आणि स्टो ही नावं ऐकून माहीत असतात. बाकीची बहुतेक नवी.

आधी आकडे सांगून टाकतो, कारण ते नेहमी सांगितले जातात. वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल एरा’ या साप्ताहिकात ५ जून १८५१ पासून ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. मार्च १८५२ मध्ये बॉस्टनला दोन खंडांत पुस्तक निघालं. पहिल्या वर्षात एकट्या अमेरिकेत तीन लाखांच्या आसपास प्रती खपल्या आणि इंग्लंडात त्याच्या कितीतरी पट. पुढं १८६२ मध्ये स्टोबाई लिंकनना भेटल्या, तेव्हा हे मोठं युद्ध तुमच्याच पुस्तकानं पेटवलं अशा अर्थाचं काही ते म्हणाले, अशी आख्यायिका आहे. भेट झाली हे खरं. त्या वाक्याचा लेखी दाखला मात्र कित्येक वर्षांनंतरचा, घरच्याच माणसांकडून आलेला. भाषणात टाळ्या घेणारं वाक्य आहे. भाषणातच राहू द्यावं.

कारण आकड्यांचीच गोष्ट करायची तर दुसरे आकडेही पाहायला हवेत. १८४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणाऱ्या फ्री सॉइल पक्षाला शंभरातली सुमारे दहा मतं पडली होती. १८५२ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी घरोघर कादंबरीतल्या टॉमकाकासाठी डोळे पुसले जात होते त्याच वर्षी, ती पाचावर आली. फ्रँकलिन पिअर्स भरघोस मतांनी निवडून आले, आणि पळालेले गुलाम धरून परत देण्याचा कायदा पाळायचाच हे त्यांचं धोरण. म्हणजे लाखो लोक रडले आणि मत द्यायला गेले तेव्हा त्यांनी जुनंच केलं.

मग परिणाम झाला की नाही? झाला, पण रडण्यातून थेट झाला नाही. माझ्या मते या कादंबरीची खरी ताकद तिच्यातल्या अश्रूंपेक्षा तिच्यातल्या भल्या माणसांत आहे. कथेची सुरुवात आठवून पाहा. टॉम या आपल्या गुलामाला विकणारा शेल्बी हा क्रूर मालक नाही. नोकरचाकरांशी नीट वागणारा, बायकोचं ऐकणारा, सभ्य माणूस. पण त्याला कर्ज झालेलं आहे आणि त्याचे कागद हेली नावाच्या व्यापाऱ्याच्या हातात गेले आहेत. जेवणघरात समोरासमोर बसून सौदा होतो. वाइन आहे, टेबल आहे, आवाज कुणीच चढवत नाही. शेल्बी टॉमच्या इमानदारीची तारीफ करतो ती किंमत चढावी म्हणून. तेवढ्यात घरातल्या एलायझा या गुलाम बाईचा लहानगा खोलीत येतो, नकला करून दाखवतो, आणि हेली म्हणतो की हिशेब पुरा करायला हा पोरगाही टाका. चाबूक पुष्कळ पुढं, तिसऱ्या मालकाच्या घरी येतो. पहिल्या प्रकरणात फक्त वहीखातं आहे.

हे फार चतुर बांधकाम आहे. दुष्ट मालक दाखवला असता तर उत्तरेतला वाचक म्हणाला असता, असली माणसं दक्षिणेत असतात, आपण तसे नाही. भला मालक कर्जापायी पोर विकतो म्हटल्यावर ही पळवाट बंद झाली. उरलेली पळवाट सिनेटर बर्डच्या प्रकरणात बंद होते. हे महाशय ओहायोच्या विधिमंडळात पळालेल्यांना मदत करू नये या कायद्याच्या बाजूनं मत देऊन घरी आलेले आहेत. बायको विचारते, तर ते राज्यहित समजावून सांगतात. इतक्यात स्वयंपाकघरात पोराला घेऊन पळालेली एलायझा, एका पायात बूट नाही. त्याच रात्री सिनेटरसाहेब स्वतः गाडीत बसून चिखलातून तिला पलीकडे पोचवतात. पोराच्या अंगाला जे कपडे येतात ते त्यांच्याच मेलेल्या मुलाचे, खणात जपून ठेवलेले. स्टोबाईंचा स्वतःचा दीड वर्षाचा मुलगा १८४९ च्या पटकीत सिनसिनाटीला गेला होता. त्या गावासमोर ओहायो नदी वाहते आणि पैलतीरावर केंटकी, गुलामांचं राज्य. अठरा वर्षं त्या काठावर राहिलेल्या बाईला कुणी काही वेगळं सांगायची गरज नव्हती.

कादंबरी यायच्या आदल्या वर्षीच, १८५० मध्ये, पळालेल्या गुलामांविषयीचा तो केंद्रीय कायदा झाला होता. आधी गुलामगिरी ही दक्षिणेची भानगड होती. आता बॉस्टनच्या दुकानदारालाही सरकारी अंमलदारानं बोलावलं तर पळालेला माणूस पकडायला जाणं भाग होतं, आणि लपवला तर दंड आणि कैद. कायद्यानं सामान्य माणसाला भागीदार केलं आणि कादंबरीनं त्याला ती भागीदारी घरात आणून दाखवली. म्हणून १८५४ मध्ये अँथनी बर्न्स या तरुणाला बॉस्टनच्या रस्त्यातून लष्कराच्या पहाऱ्यात जहाजावर नेलं, तेव्हा दुतर्फा जमलेल्या हजारो लोकांनी जे पाहिलं ते त्यांनी आधी वाचलेलं होतं. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्ष उभा राहू लागला. मतं सरकायला दोन-तीन वर्षं लागली आणि ती सरकली ती गोष्ट, कायदा आणि डोळ्यांदेखत घडलेली घटना अशा तिन्हींच्या एकत्र रेट्यानं.

दक्षिणेनंही गोष्टीला गोष्टीनंच उत्तर दिलं. मेरी ईस्टमन यांची ‘आंट फिलिसेस केबिन’ १८५२ मध्येच निघाली. तशा कादंबऱ्या पुढं पंचवीसेक तरी झाल्या असतील. सगळ्यांत मालक प्रेमळ, गुलाम सुखी आणि उत्तरेतला गिरणीकामगार उपाशी. त्यातला शेवटचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता, हे कबूल करायला हवं. पण कुणाचं तरी पोट भरलेलं आहे एवढ्यावर त्याची विक्री रास्त ठरत नाही. स्टोबाईंवर खोटेपणाचा आरोप झाला तेव्हा त्यांनी १८५३ मध्ये कोर्टाचे निकाल, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, साक्षी असा सगळा पुरावा गोळा करून ‘की’ नावाचं वेगळं पुस्तकच काढलं. कादंबरीकाराला स्वतःच्या कल्पिताची पावती फाडून द्यावी लागणं हा प्रकार साहित्यात विरळा.

आता कादंबरीच्या उण्या बाजूकडे येतो. टॉम मार खातो, क्षमा करतो आणि मरतो. ही क्षमा गोऱ्या ख्रिस्ती वाचकाला फार भावली, आणि काळ्या वाचकाला पुढं फार खुपली. नाटकवाल्यांनी तर टॉमला म्हातारा, लाचार, हसऱ्या तोंडाचा करून टाकलं. १९४९ मध्ये जेम्स बाल्डविन यांनी या कादंबरीवर जो कडक लेख लिहिला तो आजही वाचण्यासारखा आहे. माझं मत बाल्डविनइतकं तिखट नाही. पण कथा ज्याच्याविषयी आहे त्याला तिच्यात बोलायला किती जागा मिळते, हा त्यांचा प्रश्न टाळून या विषयावर लिहिता येणार नाही.

म्हणूनच हॅरिएट जेकब्स. नॉर्थ कॅरोलिनातल्या ईडनटन गावी ही बाई मालकाच्या तावडीतून निसटून आजीच्या घराच्या माळ्यावर लपली. नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि जास्तीत जास्त तीन फूट उंच अशा त्या सांदीत ती जवळजवळ सात वर्षं राहिली. उन्हाळ्यात छपराच्या फळ्या तापत, पावसाळ्यात गळत, उंदीर अंगावरून जात. हाताला एक गिरमिट लागलं. त्यानं फळीला भोकं पाडून तिनं रस्ता दिसेल अशी जागा केली आणि तिथून ती आपल्या दोन मुलांना खेळताना पाही. मुलांना ती कुठं आहे ते माहीत नव्हतं. पुढं उत्तरेत गेल्यावर आपली हकिकत लिहायला मदत व्हावी म्हणून तिनं स्टोबाईंकडे विचारणा केली, तर तिची कहाणी आपल्याच ‘की’मध्ये वापरावी असं स्टोबाईंच्या मनात आलं. जेकब्सना ते लागलं. त्यांनी स्वतःच लिहिलं, टोपणनावानं १८६१ मध्ये छापलं. आणि मग शंभरावर वर्षं विद्वान लोक ते कल्पित, कुणा गोऱ्या बाईनं रचलेलं, असं मानत राहिले. १९८० च्या दशकात जीन फेगन येलिन यांनी पत्रं आणि दप्तरं शोधून लेखिका जेकब्सच असल्याचं दाखवून दिलं. गोऱ्या बाईच्या कादंबरीला पुरावा मागितला गेला आणि काळ्या बाईचा पुरावा कादंबरी म्हणून बाजूला पडला.

अमेरिकेतल्या त्या यादवी युद्धाची झळ आपल्याकडे आधी पोचली ती कापसातून. १८६१ ते १८६५ दक्षिणेचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्या खानदेश-वऱ्हाडाच्या कापसावर तुटून पडल्या. मुंबईत शेअरबाजारात माणसं वेडी झाली. दख्खनमध्ये सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज तेवढं राहिलं. दहा वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. अमेरिकेतले गुलाम सुटले आणि इथला कुणबी कागदात अडकला, हे एकाच बाजाराचे दोन टोकांचे हिशेब आहेत.

या दोन तारखांच्या दरम्यान, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल. ही अर्पणपत्रिका सगळ्यांना माहीत असते. पुस्तकाच्या घाटाकडे लक्ष कमी जातं. फुल्यांनी रडवणारी कथा लिहिली नाही. त्यांनी धोंडिबा आणि जोतीराव यांचा सवालजवाब लिहिला. धोंडिबा विचारतो, अडवतो, पटलं नाही तर पुन्हा विचारतो. अमेरिकेत कादंबरीनं भल्या मालकाच्या काळजाला हात घातला; पुण्यात फुल्यांनी थेट ज्याच्या पायात बेडी आहे त्याच्याशीच बोलणं काढलं. त्याच्या अठरा वर्षं आधी त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला होता. तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, आणि हे पत्र चालवत होते अमेरिकन मिशनरी. स्वतःची हकिकत स्वतः सांगणाऱ्या डग्लस-जेकब्सच्या रांगेत मी मुक्ताला बसवीन.

स्टोबाईंच्या रांगेतले मराठी लेखक वेगळे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची, म्हणजे सॅम्युएल ग्रीनला शिक्षा झाली त्याच सालची. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि गावोगावी तिला विधवा भेटत जातात. विधवाविवाहाचा कायदा वर्षभर आधीच झालेला. त्यातली पोकळी या कादंबरीनं दाखवली. मिशनऱ्याचा हेतू लपत नाही आणि कथानक ओढूनताणून चालतं, पण वाचकाला त्याच्या माजघरात डोकवायला लावण्याचं काम ती करते. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही त्याहून फार मोठी कलाकृती. यमूच्या तोंडून सांगितलेली ती कहाणी ‘करमणूक’ पत्रातून १८९० पासून येऊ लागली, आणि पुण्यामुंबईच्या पांढरपेशा घरांत ती वाचून लोक हळहळले. इथंही छळणारी माणसं परकी नाहीत, घरचीच आहेत.

पण १८९० हेच साल आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवं. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईत न्हावी मंडळींची सभा भरली आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं त्यांनी ठरवलं. हे करमणूकचे वाचक नव्हते. पण त्या अत्याचाराला हात त्यांचा लागत होता, आणि तो त्यांनी आखडता घेतला. मला नेहमी वाटतं की मराठी लोकमताचा इतिहास लिहिताना हरिभाऊंच्या प्रकरणाशेजारी या सभेला निदान तेवढीच पानं द्यावीत.

विसाव्या शतकातलं एक उदाहरण देऊन आजच्याकडे येतो. ठाणे जिल्ह्यात वारल्यांमध्ये लग्नगडी नावाचा प्रकार होता. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडं कर्ज घ्यायचं आणि ते फेडायला नवरा-बायकोनं त्याच्याकडे राबायचं. वर्षं सरत, कर्ज सरत नसे. १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी ही वेठ मोडली. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये तो लढा आहे. ती कादंबरी नव्हे, पण मराठी मध्यमवर्गाला वेठबिगारीचं रूप समजलं ते मुख्यतः त्या पुस्तकातून. वेठबिगार रद्द करणारा कायदा १९७६ चा. त्यात उसनवारीच्या बदल्यात श्रम बांधून घेणं हाच गुन्ह्याचा गाभा धरलेला आहे.

मी हे कासारसाईत बसून लिहितो आहे. धरणाच्या पाण्यानं मुळशी-मावळच्या या शिवेवर ऊस आला, आणि उसाच्या मागोमाग दर हंगामात मराठवाड्यातून तोडणी कामगारांच्या टोळ्या येतात. दिवाळी झाली की शेताच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा असेल तर अर्धा कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, हंगामभर ती अंगावर फेडायची. आजारपणात दिवस मोडला तर खाडा लागतो आणि तो वहीत चढतो. फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर. गुलामीत दिवस काढलेल्या सॉलोमन नॉर्थप यांच्या १८५३ च्या आत्मकथनात लुइझियानातल्या ऊसतोडीचं वर्णन आहे: कोयत्यानं पाला सोलायचा, शेंड्याचा हिरवा भाग तोडायचा कारण त्याच्या रसानं काकवी आंबते, मग बुडात घाव. इथल्या फडात उभं राहून वाचलं तर एकही हालचाल बदललेली वाटत नाही. फरक एवढाच की इथं तोडलेलं वाढं जनावरांसाठी विकून बाया चार पैसे करतात.

उचल म्हणजे गुलामगिरी, असं मी म्हणत नाही. इथल्या माणसाची विक्री होत नाही, पोर आईपासून लिलावात तुटत नाही, हंगाम संपला की टोळी गावी जाते, तिला मत आहे. दोन्ही एकच म्हणणं हे नॉर्थपवरही अन्याय आणि या माणसांवरही. पण शेल्बीच्या जेवणघरातली ती वही वाचताना मला मुकादमाची वही आठवते, त्याला माझा इलाज नाही. २०१९ मध्ये बीडकडच्या तोडणी करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या. कामात खाडा नको म्हणून हेही कारण पुढं आलं. सरकारनं समिती नेमली, चर्चा झाली, आपण सगळ्यांनी हळहळून चहा घेतला. त्या चहातली साखर कुणी मोजली नाही.

वाचकाला एकच सुचवतो. हे पुस्तक छापलेल्या क्रमानं वाचू नका. आधी जेकब्सचं प्रकरण वाचा, मग नॉर्थप, मग डग्लस, आणि टॉमकाका शेवटी. तोवर गुलामीत राहिलेल्या माणसांचा आवाज कानात बसलेला असेल, आणि स्टोबाईंनी काय ऐकलं, काय गाळलं हे तुमचं तुम्हालाच दिसेल. सिनेटर बर्डचं प्रकरण मात्र सावकाश वाचा. त्यात त्यांच्या बायकोचे प्रश्न आहेत, आणि सिनेटरसाहेबांना त्यांची उत्तरं देता आलेली नाहीत.

कासारसाई, ता. मुळशी, जि. पुणे